चवीचा कारखाना आणि ओलं धान्य

रमजानमध्ये आमच्या ठाकुर्लीच्या घरात रोज असरच्या नमाजनंतर एकच अडचण उभी राहते. गॅसवर डाळ शिजत असते, चणे परतायचे असतात, खिम्याला वाफ आलेली असते आणि चाखून बघायला घरात माणूस नसतो. सगळ्यांचेच रोजे. गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकून टाकायची मुभा आहे, पण माझं मन काही धजत नाही. म्हणून मी शेजारच्या काकूंना हाक मारते. त्या वाटीत घेऊन डाळ चाखतात, चणे चाखतात आणि मिठाचा निकाल देतात. खिम्याच्या वाटेला त्या जात नाहीत, कारण त्या शाकाहारी. खिमा अल्लाच्या भरवशावर आणि माझ्या अंदाजावर.

परवा काकू म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे गं, पण डाळीत काहीतरी कमी वाटतंय." माझा भाचा तिथेच खजुरातल्या बिया काढत बसला होता. तो म्हणाला, "खाला, चिमूटभर अजिनोमोटो टाक आणि मग बघ." नंतर हळूच मुद्द्यावर आला. त्याला स्वतःचा कारखाना काढायचा आहे. चव वाढवणाऱ्या पावडरीचा. डोंबिवली एमआयडीसीत एक गाळा पाहून ठेवलाय, मालकाला ईदपर्यंत बयाणा द्यायचाय आणि पैसे त्याच्या अब्बांच्या निवृत्तीचे. माझ्या बहिणीनं त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा खाला काय म्हणते ते ऐकून ये, असं तिचं म्हणणं.

मी त्याला म्हटलं, "आज घाई नको. इफ्तार झाला की बस माझ्यासमोर. ही पावडर कुठून आली, कशी होते आणि तिच्यापायी कोण कोण अडचणीत आलं, ते आधी बघू." पुढचे तीन-चार दिवस तरावीहच्या आधी आमच्या घरी याच गप्पा चालल्या. त्यांतलं जे सगळ्यांच्या कामाचं आहे, ते इथे मांडते.

शेवाळाच्या सारापासून

अजिनोमोटो हे खरं तर जपानी कंपनीचं आणि तिच्या मालाचं नाव. आपण वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हणायचो, तसंच हे. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर तो ६२१ या क्रमांकानं येतो.

१९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला, की कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारात जी चव असते ती गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही, मग ती आहे काय? त्यांनी त्या सारातून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. हे आम्ल काही नवं नव्हतं. १८६६ मध्येच एका जर्मन शास्त्रज्ञानं ते गव्हाच्या चिकट भागातून काढलं होतं. ते पिकलेल्या टोमॅटोत असतं, मुरलेल्या चीजमध्ये असतं, आईच्या दुधातही असतं. आपली जीभ ते जन्मापासून ओळखते.

दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, साबुरोसुके सुझुकी या उद्योजकानं ही पावडर बाजारात आणली. तेव्हाची रीत अशी: गव्हाचं पीठ धुऊन त्यातला पिठूळ भाग वेगळा करायचा, उरलेला चिकट गोळा हायड्रोक्लोरिक आम्लात तासन् तास उकळायचा. पिठूळ भाग कापड गिरण्यांना खळीसाठी विकला जाई. कल्याण-भिवंडीच्या वाचकांना खळ म्हणजे काय ते सांगायला नको. पण आम्ल भांडी खाऊन टाकी. कारखाना होता झुशी या गावात. तिथल्या शेजाऱ्यांनी आम्लाच्या वाफांबद्दल तक्रारी केल्या आणि १९१४ मध्ये कंपनीनं कावासाकीला मोठा कारखाना उभारला.

"म्हणजे पहिल्याच कारखान्याचं शेजाऱ्यांशी भांडण?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, "हो. आणि ते लक्षात ठेव."

पुढे १९२३ मध्ये शांघायला वू युनचू यांनी चिनी कारखाना काढला. त्यांचा माल बौद्ध शाकाहारी लोकांमध्ये विशेष खपला. मांस न घालता मांसाच्या रश्श्यासारखी चव येते, ही त्यांची जाहिरात. शाकाहारी माणसाच्या ताटात ही पावडर शंभर वर्षांपूर्वीच पोचली होती, हे ऐकून काकूंनाही नवल वाटलं.

टाकीतला जिवाणू आणि नाल्यातलं पाणी

आजची रीत वेगळी आहे. १९५६ मध्ये जपानच्या क्योवा हाक्को कंपनीत शुकुओ किनोशिता यांच्या गटाला एक जिवाणू सापडला. साखर आणि अमोनिया दिला की तो ग्लुटामिक आम्ल तयार करून बाहेर टाकतो. आता जगभर बहुतेक माल असाच होतो. उसाची मळी, मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च हा कच्चा माल. पोलादी टाकीत तो घालायचा, निर्जंतुक करायचा, जिवाणूचं विरजण लावायचं आणि दीड-दोन दिवस सतत हवा सोडत राहायची. तापमान मापात ठेवायचं. मग आम्ल घालून खडे पाडायचे, सोड्यानं ते निवळायचे, कोळशाच्या भुकटीनं रंग काढायचा, पुन्हा स्फटिक करायचे आणि वाळवायचे.

घरी दही लावण्यासारखंच हे, पण दही बिघडलं तर पातेलंभर दूध जातं. इथे एखादा परका जंतू किंवा जिवाणूंना मारणारा विषाणू टाकीत शिरला तर अख्खी टाकी वाया. असं नुकसान पेलणारेच या धंद्यात टिकतात. एका गाळ्यात, एका निवृत्त माणसाच्या पैशांवर हे जमणारं नाही. भाच्यानं मान डोलावली, पण चेहरा पडला.

त्याहून मोठी गोष्ट उरलेल्या पाण्याची. खडे काढून घेतल्यावर मागे राहतं ते आंबट, अमोनियाच्या क्षारांनी आणि सेंद्रिय मळानं भरलेलं गडद पाणी. ते शुद्ध करायला खर्च येतो. व्हिएतनाममध्ये वेदान या तैवानी कंपनीच्या कारखान्यानं तो खर्च वाचवला. जमिनीखालून लपवलेल्या नळांतून सांडपाणी वर्षानुवर्षं थी वाई नदीत सोडलं. २००८ मध्ये ते उघडकीला आलं. मासे गेले, मासेमारी करणारे आणि शेतकरी देशोधडीला लागले आणि २०१० मध्ये कंपनीला भरपाई कबूल करावी लागली. माल तोच, चव वाढवणारी पावडर.

आम्हा ठाकुर्लीकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माझे अब्बा रेल्वेच्या इथल्या चोळा पॉवर हाऊसमध्ये कामाला होते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर राख पडायची, ती अम्मी झटकायची आणि म्हणायची, या राखेतच आपली भाकरी आहे. तेव्हा ते खरं होतं. आज पॉवर हाऊस बंद आहे, पण डोंबिवलीच्या एमआयडीसीतली धास्ती संपलेली नाही. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा तर कुणी विसरलेलं नाही. स्फोट झाले, कामाला गेलेली माणसं घरी परतली नाहीत. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहत येणारी वालधुनी कल्याणला पोचेपर्यंत कशी झालेली असते, ते पुलावरून जाताना रुमाल नाकाला लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, गाळ्याचं भाडं विचारायच्या आधी गाळ्यातलं पाणी कुठे जातं ते विचार. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते, एकदा उभारणीआधी आणि एकदा चालू करण्याआधी. दलाल म्हणेल, "ते आम्ही बघतो." तू स्वतः बघ.

काकूंचा प्रश्न आणि माझा प्रश्न

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा बेत आणला. पावडर बनवायची नाही, तयार माल पोत्यांनी घ्यायचा, त्यात मीठ, कांद्याची भुकटी, जिरं मिसळायचं आणि हॉटेलवाल्यांना पाकिटं विकायची. हे गाळ्यात होण्यासारखं होतं. काकू तेव्हा डाळ चाखायला आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "पण ते कशापासून केलेलं असतं? माझ्या चालण्यातलं आहे ना?"

मी हसले. कारण माझाही तोच प्रश्न होता, फक्त शब्द वेगळा. मी विचारणार होते, "हलाल आहे ना?"

या प्रश्नावरून इंडोनेशियात केवढं वादळ उठलं होतं! २००१ च्या जानेवारीत तिथल्या उलेमा परिषदेनं जाहीर केलं, की अजिनोमोटोच्या तिथल्या कारखान्यात जिवाणू जोपासायच्या खाद्यात डुकरापासून काढलेलं विकर वापरलं गेलं आहे. तयार पावडरीत त्याचा मागमूस नव्हता. देशाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः मोठे आलिम. ते म्हणाले, माल हलाल आहे. परिषद म्हणाली, नाही. मूळ पदार्थाचं रूप पार बदललं तर हुकूमही बदलतो का, हा आपल्या फिकहमधला जुना वाद आहे आणि दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. पण बाजारात वाद चालत नाही, भरवसा चालतो. कंपनीनं दुकानादुकानांतून माल परत घेतला आणि जिवाणूंचं खाद्य बदलल्यावरच पुन्हा सुरुवात केली.

काकूंच्या बाजूनं पाहा. चिप्सच्या, नूडल्सच्या पाकिटावर पुष्कळदा ६२७ आणि ६३१ असे दोन आकडे छापलेले असतात. ६२१ बरोबर हे घातले की चव कितीतरी पटींनी वाढते. यातला ६३१ हा पदार्थ चवीचं कारण म्हणून १९१३ मध्ये जपानमध्येच वाळवलेल्या माशातून ओळखला गेला. आज तो माशा-मांसापासून करता येतो, तसाच स्टार्चवर जिवाणू वाढवूनही करता येतो. आकडा दोन्हींचा एकच. आकड्यावरून काहीच कळत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहायचा आणि तो ठिपका लावणाऱ्याच्या इमानावर विसंबायचं, इतकंच काकूंच्या हातात असतं.

म्हणजे मी 'हलाल आहे का' म्हणून विचारते आणि काकू 'चालण्यातलं आहे का' म्हणून विचारतात, तेव्हा आम्ही दोघी कारखानदाराला एकच गोष्ट विचारत असतो: बाबा रे, हे कुठून आलं? त्या उत्तरासाठी भाच्याला पोतं विकणाऱ्याकडून लेखी कागद घ्यावा लागेल आणि पोतं बदललं की नवा कागद. कुरआनात अन्नाबद्दल सांगताना 'हलाल' च्या जोडीला 'तय्यब' हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगलं, शुद्ध, अंगी लागणारं. नुसतं मनाई नसलेलं असून भागत नाही.

ओलं धान्य

"पण खाला, लोक म्हणतात अजिनोमोटो विष असतं. मग पाकिटावर लिहायचंच कशाला? 'स्पेशल मसाला' लिहू." भाच्याचं हे वाक्य मला टोचलं.

आधी विषाचं बघू. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरता येते, धडधड होते, असं त्यात होतं. तिथून ही भीती पसरली. पुढच्या चाचण्यांमध्ये नेहमीच्या खाण्यातल्या मात्रेला असा ठाम परिणाम दिसला नाही. १९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं त्याला रोजच्या मात्रेची आकड्यातली मर्यादा घालायची गरज नाही असं ठरवलं. उपाशीपोटी मोठी मात्रा घेतली तर काहींना थोडा वेळ डोकेदुखीसारखा त्रास होऊ शकतो. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के, यात सुमारे १२ टक्के. तेव्हा विषही नाही आणि अमृतही नाही. आपल्याकडे कायदा सांगतो, की ते घातलं असेल तर पाकिटावर लिहा आणि बारा महिन्यांखालच्या बाळांसाठी नाही, अशी सूचना द्या.

लेबलामुळे काय होतं, ते सगळ्या देशानं २०१५ मध्ये पाहिलं. मॅगीच्या पाकिटावर 'अजिनोमोटो घातलेलं नाही' या अर्थाची ओळ होती आणि उत्तर प्रदेशातल्या तपासणीत ग्लुटामेट सापडलं. शिवाय शिसं जास्त असल्याचाही अहवाल आला. ५ जून २०१५ ला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं माल बाजारातून काढायला लावला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं नाही आणि तपासणाऱ्या प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती, असं न्यायालयाला दिसलं. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं आणि मॅगी परत आली. पण ग्लुटामेट गव्हाच्या आणि शेंगदाण्याच्या प्रथिनांतून, कांद्याच्या भुकटीतूनही येतं. वरून घातलं नाही, हे खरं असलं तरी आत नाही, असा समज गिऱ्हाइकाचा होतोच. ती ओळ नसती तर अर्धं वादळ उठलंच नसतं.

मग मी भाच्याला लहानपणी मदरशात ऐकलेली गोष्ट आठवून दिली. मदिनेच्या बाजारात प्रेषित हजरत मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वर कोरडं, आत ओलं. विक्रेता म्हणाला, पावसानं भिजलं. प्रेषितांनी त्याला विकायला मनाई केली नाही. ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, एवढंच विचारलं आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं.

"ओलं धान्य विकणं गुन्हा नाही," मी म्हटलं. "ते खाली लपवणं गुन्हा आहे. तुझ्या पाकिटावरची घटकांची यादी म्हणजे वर ठेवलेलं ओलं धान्य. ६२१ घातलं असेल तर ६२१ लिही. ज्याला नको तो घेणार नाही. ज्याला हवं तो घेईल आणि पुन्हा येईल."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "असं लिहिलं तर पहिल्या वर्षी काही विकणारच नाही." ते खोटं नव्हतं. त्याचे अब्बा कोपऱ्यात बसून ऐकत होते. पैसे त्यांचे होते. ते फक्त म्हणाले, "विकलं नाही तर पैसे जातील. पण बेटा, पैसेच जातील ना?"

चिमूटभर हिंग

तोड काकूंकडूनच निघाली. चौथ्या दिवशी त्यांनी डाळ चाखली आणि म्हणाल्या, "आज कळलं काय कमी असतं ते. तू हिंग घालत नाहीस." स्वतःच्या घरून डबी आणून त्यांनी फोडणीत चिमूटभर टाकला.

आमच्या घरात लसूण असतो, म्हणून हिंगाची आठवण राहत नाही. पण कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत चव वाढवायचं काम पिढ्यानपिढ्या हिंगानंच केलं. आणि हा हिंग येतो कुठून? अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानच्या डोंगरांतून. फेरुला नावाच्या झाडाच्या मुळाला चीर पाडली की जो चीक येतो, तो वाळून हिंग होतो. आपल्याकडे त्याची लागवड नव्हती. पालमपूरच्या संस्थेनं लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी पहिलं रोप लावलं ते १५ ऑक्टोबर २०२० ला. तोवर ब्राह्मणाच्या आमटीतला आणि जैनाच्या डाळीतला हिंग पठाणाच्या पाठीवरूनच येत होता. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण माल खरा होता.

मूळ हिंग इतका उग्र की तसाच वापरता येत नाही. त्यात डिंक आणि गव्हाचं पीठ किंवा स्टार्च मिसळून बंधानी हिंग करतात, तीच आपली डबी. हे काम मुंबईत जुनं आहे. लालजी गोधू यांची पेढी १८९४ पासूनची. चीक भिजवायचा, पीठ-डिंकासोबत मळायचा, वाळवायचा, दळायचा, चाळायचा आणि हवाबंद भरायचा. आम्लाच्या टाक्या नाहीत, नाल्यात सोडायला काळं पाणी नाही. वास मात्र दांडगा, तेव्हा शेजाऱ्यांना आधी विचारावंच लागेल.

इथेही ओलं धान्य आहेच. कायद्यानं बंधानी हिंगात अल्कोहोलमध्ये विरघळणारा अंश किमान ५ टक्के हवा, राळ आणि डांबरी रंग मुळीच नकोत. पण डबीत बरंचसं पीठ असतं, हे किती घरांना माहीत आहे? गहू न चालणाऱ्या आजाऱ्याला ते कळणं किती गरजेचं आहे! 'यात गव्हाचं पीठ आहे' हे मोठ्या अक्षरांत लिहिणारा कारखानदार मला बघायचाय. भाच्याला म्हटलं, तो तू हो.

त्यानं गाळ्याचा बयाणा अजून दिलेला नाही. ईदनंतर तो मस्जिद बंदरला हिंगाच्या व्यापाऱ्यांकडे जाणार आहे, सोबत त्याचे अब्बा. कच्च्या मालाचे भाव परदेशातल्या प्रत्येक हालचालीनं वरखाली होतात आणि जुन्या पेढ्यांसमोर नवख्याचा निभाव लागणं सोपं नाही, हे त्यानं स्वतःच मला सांगितलं. पहिली खेप पाच किलोचीच करायची, असं ठरलंय. ती विकायची नाही, वाटायची आणि लोकांना विचारायचं.

पहिली डबी काकूंची. त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय, "चाखून निकाल मी देणार. पण त्याआधी डबीवर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचणार."